तीन वर्षांखालच्या मुलांशी कोण खेळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शैक्षणिक वर्ष तोंडावर आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, रिक्षांच्या पाठीवर आणि सोसायट्यांच्या फाटकांवर प्लेग्रुपच्या जाहिराती दिसू लागतात. पूर्वी त्यांत अडीच वर्षे पूर्ण झाल्याची अट असे. आता ‘दीड वर्षापासून प्रवेश सुरू’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि त्याखाली अक्षरओळख, अंकओळख, फ्लॅशकार्ड, इंग्रजी संभाषण अशी यादी असते. चमचा तोंडापर्यंत नेताना ज्याची निम्मी खिचडी झबल्यावर सांडते, त्या वयाच्या मुलाविषयी हे चालले आहे. या जाहिरातींवर टीका करणे सोपे आहे आणि ती करावीच. पण त्या चालतात, याचे कारण एवढ्या लहान मुलाशी दिवसभर काय करायचे हे घरातल्या मोठ्यांना उमगत नाही, किंवा उमगूनही त्यांना सवड नसते. आणि या वयाची जबाबदारी ज्या सरकारी अंगणवाडी योजनेवर आहे, तिचे लक्ष वजन आणि उंचीच्या पलीकडे फारसे जात नाही. अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नोकरी करताना घराघरांत जाऊन जे पाहिले, त्याच्या आधारे हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की तीन वर्षांखालच्या मुलाशी खेळणे हीच त्याला ओळखण्याची पद्धत आहे. जो रोज खेळतो त्यालाच मुलाची प्रगती आधी दिसते आणि अडचणही आधी दिसते.

आपल्याकडचा ‘इथे इथे बस रे मोरा’ हा खेळ घ्या. एका हाताचे बोट दुसऱ्या तळव्यावर टेकवत राहायचे आणि शेवटी भुर्रकन हात वर उडवायचा, इतकाच तो खेळ. पण चार-पाच महिन्यांचे बाळ त्यात फक्त आपल्या तोंडाकडे बघते आणि सुरावर हसते. आठव्या-नवव्या महिन्याच्या आसपास ‘भुर्र’ येण्याआधीच त्याचे खांदे वर उचलले जातात, श्वास क्षणभर थांबतो, डोळे मोठे होतात; म्हणजे पुढे काय येणार हे त्याला आता ठाऊक असते. आणखी काही महिन्यांनी तेच बाळ रांगत येऊन स्वतःचा तळवा आपल्यापुढे धरते. एकही शब्द येत नसताना त्याने केलेली ही सरळ मागणी असते. खेळ तोच राहतो, बाळ बदलत जाते, आणि खेळ रोजचा असल्यामुळेच तो बदल नजरेत भरतो. मी मातांच्या बैठकीत एकच गोष्ट आग्रहाने सांगत असे: ‘भुर्र’च्या आधी थांबा. तीन-चार सेकंद काहीही बोलू नका. बाळ हात हलवील, आवाज काढील, निदान तुमच्या डोळ्यांत बघेल, आणि मग हात उडवा. मोठ्या माणसांना हे थांबणे फार जड जाते. बाळाला उत्तर द्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आपण त्याची पाळी येऊच देत नाही आणि नंतर म्हणतो, बाळ प्रतिसाद देत नाही.

हे नवजात अर्भकालाही लागू आहे. ‘अजून कुठे दिसतंय त्याला’ असे घरोघरी ऐकू येते. वस्तुतः जन्मतः बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे बऱ्यापैकी दिसते, आणि पदराखाली घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा जवळपास तेवढ्याच अंतरावर असतो. पूर्वी पाळण्यावर रंगीत चिमणाळे टांगत, न्हाऊ घालणारी बाई मालिश करताना अखंड बडबड करीत असे. त्या बडबडीला कोणी उत्तेजन वगैरे म्हणत नव्हते, पण बाळाला बोलणारा चेहरा जवळून आणि वेळच्या वेळी मिळत होता.

ज्याला आपण खोडी म्हणतो, त्यातला बराचसा भाग हा मुलाचा अभ्यास असतो. दहा महिन्यांचे मूल मांडीवरून चमचा खाली टाकते, आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकते. आईला वाटते ते मुद्दाम छळते आहे. मुद्दामच टाकते, यात शंका नाही; पण चमचा दरवेळी खालीच जातो का, दरवेळी तसाच वाजतो का, आणि आई दरवेळी उचलते का, एवढे तीन प्रश्न त्या टाकण्यात असतात. सहा महिन्यांच्या बाळासमोरचा चेंडू दुपट्याखाली झाकला तर बहुतेक बाळे तो शोधत नाहीत, दुसरीकडे बघू लागतात. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास तेच बाळ दुपटे ओढून काढते. बुवा-कुकच्या खेळाला खरा रंग भरतो तो याच काळात, कारण पदराआड गेलेला चेहरा नाहीसा झालेला नाही, तो परत येणार, हे आता त्याला कळू लागते. याच काळात आई नुसती स्वयंपाकघरात गेली तरी मूल भोकाड पसरते. घरचे म्हणतात, ‘लाडावलंय’. दिसत नसली तरी आई कुठेतरी आहे, एवढे समजण्याइतके ते मोठे झालेले असते, म्हणून रडते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी या विषयावर जे मूलभूत लेखन केले, त्याचा मोठा आधार स्वतःच्या तीन मुलांशी केलेले असेच साधे खेळ आणि त्यांच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदी हा होता. नंतरच्या संशोधकांनी त्यांच्या वयोमर्यादा काही बाबतींत अलीकडे आणल्या, पण पाहण्याची ती रीत टिकली.

दीड वर्षाच्या मुलीपुढे मसाल्याच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्या, एक पातेले आणि दोन झाकणे ठेवून बघावीत. ती मोठे झाकण लहान वाटीत बसवायचा प्रयत्न करील, बसत नाही म्हणून आपटील, वाटी उलटी करील, झाकण तिच्यावर ठेवील आणि ते घरंगळले की आपल्याकडे बघेल. त्या बघण्याची वाट पाहायची असते. तिथे तिचा हात धरून ‘हे बघ, असं’ म्हणत झाकण बसवून दिले की खेळ संपतो. ‘अगं, पडलं की!’ एवढे म्हटले की तो आणखी रंगतो. घरातल्या एखाद्या आजीच्या हे अंगवळणी पडलेले असते. सुशिक्षित पालकांना मात्र चूक दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. दोन वर्षांच्या आगेमागे तीच मुलगी रिकाम्या वाटीतून बाहुलीला दूध पाजते, केळ कानाला लावून ‘हलो’ म्हणते. नसलेली गोष्ट मनात धरून वागण्याची ही सुरुवात पुढच्या भाषेच्या आणि विचाराच्या मुळाशी असते, आणि ती कोणत्याही फ्लॅशकार्डाने आणता येत नाही. एक खबरदारी मात्र हवी. या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते, त्यामुळे शेंगदाणे, फुटाणे, सुपारी, मणी आणि खेळण्यांतल्या बटणासारख्या बॅटऱ्या मुलाच्या हाती लागता कामा नयेत. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकल्याच्या घटना बालरोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. बोरन्हाण हौसेने करावे, पण बोरे आणि गोळ्या वेचणाऱ्या हातांवर नजर असावी.

आता महिन्यांच्या तक्त्याविषयी. गरोदरपणी मिळणाऱ्या माता बाल संरक्षण कार्डावर विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात आणि ते उपयुक्त आहेत. पण शहरी पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत हा तक्ता एसटीच्या वेळापत्रकासारखा वाचला जातो. गाडीला दहा मिनिटे उशीर झाला की फलाटावर कुजबुज सुरू. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याचा टप्पा ३.८ ते ९.२ महिने, तर आधाराशिवाय चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने इतका रुंद आहे. शंभरातली साधारण चार मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती थेट उभी राहिली किंवा ढुंगणावर सरकत पुढे गेली. तेव्हा शेजारचा अकराव्या महिन्यात चालला आणि आपला तेराव्यातही धरून उभा राहतो, एवढ्यावरून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय तर पहिली दोन वर्षे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. हे साधे गणित न सांगितल्यामुळे अनेक माता विनाकारण खचतात.

याच्या उलट टोकाचा धोका मला अधिक गंभीर वाटतो. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाप पण चार वर्षांनी बोलायला लागला’, अशा वाक्यांखाली खरा विलंब दडपला जातो. बहिऱ्या बाळाचेही सुरुवातीचे हुंकार इतर बाळांसारखेच असतात, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत घरच्यांना शंका येत नाही. थाळी वाजवली आणि बाळ दचकले, म्हणजे ऐकू येते, असे ठरवून मोकळे होतात. पण थाळीचा आवाज मोठा असतो, शिवाय ती वाजवणारा हात बाळाला दिसतो. रोज खेळणाऱ्या माणसाला मात्र हे वेगळ्या रीतीने जाणवते. मागून हळू हाक मारली तर बाळ वळत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होण्याऐवजी आधीचे आवाजही कमी होत गेले. वर्ष उलटले तरी नावाला ओ नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. दोन वर्षे झाली तरी ‘मम्मं दे’सारखे दोन शब्द जोडले जात नाहीत. किंवा आधी येत असलेले शब्द, टाळ्या, टाटा करणे हे सगळे गळून पडले. यांतले काहीही दिसले तर ‘बघू अजून सहा महिने’ असे म्हणू नये. तसेच वर्षाच्या आतले बाळ खेळणे कोणत्याही बाजूला ठेवले तरी एकाच हाताने घेत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर ‘डावखुरं आहे’ म्हणून हसण्यावारी न नेता डॉक्टरांना दाखवावे. एवढ्या लवकर हात ठरत नसतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला, आणि त्यात जन्मजात दोष, आजार व कमतरता यांच्या जोडीने विकासातील विलंबालाही स्थान आहे. त्या कार्यक्रमाचे आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणे अपेक्षित असते. पण अनोळखी डॉक्टरसमोर आईच्या पदराला चिकटलेले मूल काही मिनिटांत काय दाखवणार? तिथे घरच्या माणसाने किंवा सेविकेने खेळताना पाहिलेलीच गोष्ट कामी येते, आणि अशा निरीक्षणाला नोंदवहीत रकाना असला पाहिजे.

घरातल्या वस्तूंबद्दल दोन शब्द. सावंतवाडीच्या लाकडी पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून दांडी धरते आणि गाडा ढकलते. गुळगुळीत फरशीवर तोही पुढे पळतो, म्हणून मोठे माणूस जवळ लागते, पण तोल मुलाचा मुलालाच सांभाळावा लागतो. अलीकडच्या चाकांच्या प्लास्टिक वॉकरमध्ये मूल झोळीत बसवल्यासारखे लोंबकळते आणि चवड्यांनी जमीन ढकलते. त्याने चालणे लवकर येत नाही. जिन्यावरून कोसळणे, गरम भांड्यापर्यंत पोहोचणे असे अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपल्याकडे बारशाला तो अजून आहेर म्हणून येतो. तो नाकारणे अवघड जाते हे मान्य, पण माळ्यावर टाकणे अवघड नाही.

मोबाइलविषयी इतके लिहिले जाते की मी थोडक्यात आवरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, वर्ष ते दोन वर्षे या वयातही ते टाळावे, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला एक तासाच्या आत राहावे. परगावच्या आजीशी व्हिडिओवर बोलणे यात मोडत नाही, असे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही मानतात, कारण पलीकडची आजी उत्तर देते. मुलाच्या हातातल्या मोबाइलइतकाच मोठ्यांच्या हातातला मोबाइल मला खटकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळायचे आणि मग एकदोन मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून बघते, हात पुढे करते, ओरडते, अंग मागे टाकते, नजर फिरवते आणि अखेर रडू लागते. तेव्हा मोबाइल नव्हते. आज बाळाला मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत बसलेल्या कोणाही मोठ्या माणसासमोर दोन मिनिटे उभे राहावे. बाळाचे ते सगळे प्रयत्न क्रमाने दिसतील.

हे सारे घराघरांवर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांत मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, आणि त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली. तिच्या रचनेत पूर्वशालेय शिक्षण आले ते तीन ते सहा वयोगटासाठी. सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायचा आहार आणि महिन्याचे वजन एवढेच प्रामुख्याने आले. नवे शैक्षणिक धोरणही २०२० मध्ये पायाभूत टप्पा मोजते तो तिसऱ्या वर्षापासून. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ हा जन्मापासून तीन वर्षांपर्यंतचा आराखडा आणला, त्यात ३६ महिन्यांसाठी महिनावार खेळ आणि कृती दिल्या आहेत, आणि त्या घरभेटींतून पालकांपर्यंत नेण्याची अपेक्षा आहे. आराखडा चांगला आहे. पण ज्या सेविकेने हे करायचे, ती सकाळी तीन ते सहा वर्षांची मुले सांभाळते, आहाराचा हिशेब ठेवते, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपमध्ये माहिती भरते, आणि निवडणुका, सर्वेक्षणे, मोहिमा आल्या की तिलाच बोलावले जाते. घरभेट होते ती सही घेण्यापुरती. दारात उभे राहून कोणालाही बाळाशी खेळून दाखवता येत नाही. त्यासाठी जमिनीवर बसावे लागते, चहा घ्यावा लागतो, बाळ ओळखीचे होईपर्यंत वेळ द्यावा लागतो.

आमच्या सातारा जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात. पहाटे आई-वडील फडात जातात आणि कोपीबाहेर, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर, आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उभी असते. तिची शाळा बुडते, हा अन्याय आहेच. पण ती त्या बाळाशी जे खेळते ते पाहण्यासारखे असते. पाचटाची पात त्याच्या नाकाला लावून ओढून घेते, ते हसले की थांबते, त्याने हात पुढे केला की पुन्हा लावते. त्याची पाळी ती कधी चुकवत नाही. तिला शाळेत पाठवायचे, तर त्या बाळाशी दिवसभर कोण खेळणार, याचे उत्तर साखर कारखाना, ठेकेदार आणि शासन यांनी मिळून द्यायला हवे. संघटित क्षेत्रातल्या नोकरदार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूती रजा मिळाली, ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. फडावरच्या आईच्या बाळाला यातले काय मिळते?

शासनाकडे माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरभेटींसाठी प्रत्येक अंगणवाडीत सेविकेव्यतिरिक्त एक प्रशिक्षित व्यक्ती अर्धवेळ का होईना नेमावी. आहार नेण्यासाठी माता येतात त्या दिवशी नुसती पाकिटे न वाटता तासभर सतरंजी अंथरून बाळांशी खेळ घ्यावेत, आणि बाप व आजोबांनाही त्या दिवशी बोलवावे. ते येत नाहीत असे गृहीत धरूनच आजवर त्यांना निमंत्रण गेलेले नाही. नवजात बाळाची श्रवण तपासणी तालुका पातळीवर नियमित व्हावी. हंगामापुरत्या येणाऱ्या मुलांची विकासनोंद गावाकडच्या अंगणवाडीतून हंगामाच्या जागी आणि परत पोहोचेल अशी व्यवस्था पोषण ट्रॅकरमध्ये करावी. मुलांचे वजन ज्या यंत्रणेतून फिरते, त्याच यंत्रणेतून ‘नावाला ओ देत नाही’ ही नोंदही फिरू शकते. आपल्या दैनिकानेही प्लेग्रुपच्या जाहिराती स्वीकारताना दीड वर्षाच्या मुलासाठी अक्षरओळख आणि इंग्रजी संभाषणाचे दावे करणाऱ्या मजकुराला कात्री लावावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका, सातारा